‘येस, नो प्रॉब्लेम’च्या पलीकडचं इंग्रजी

(मेलबर्नमध्ये आपल्या मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेलं हे भाषण. अंकासाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, पण बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



पुढच्या रांगांमध्ये बसलेले विद्यार्थी मित्रमैत्रिणी आणि मागे बसलेले काका, काकू, दादा, वहिनी, सगळ्यांना नमस्कार. बटाटेवड्याचा वास येतोय आणि तुमचं अर्धं लक्ष तिकडे आहे याची मला कल्पना आहे. त्यामुळे फार ताणणार नाही.

कार्यकारिणीतल्या काकूंचा मला फोन आला. विषय होता ‘विद्यार्थ्यांना नोकरीत लागणारं इंग्रजी’. मी म्हटलं, “काकू, मी कॉम्प्युटर इंजिनिअर. इंग्रजी शिकवणं हे काही माझं काम नाही.” त्यावर त्या म्हणाल्या, “अरे, तू इथे आल्यावर चुका भरपूर केल्या आहेस ना? त्याच सांग.” या युक्तिवादापुढे मला काही बोलता येईना. तर आज चुकाच सांगणार आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी सोलापूर जिल्ह्यातला, मराठी माध्यमाचा. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० साली सरकारने ते पहिलीपासून केलं, तेव्हा मी पाचवी संपवून सहावीत गेलो होतो. म्हणजे आमची बस थोडक्यात चुकली! घरी आजोबांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, त्यातून वडिलांनी वाक्यं घोटून घेतली. पुढे पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, तीन वर्षं हिंजवडीत नोकरी केली आणि २०१४ मध्ये मास्टर्ससाठी इथे आलो. आयईएलटीएसमध्ये साडेसात बँड मिळाले होते. गावी पेढे वाटले होते हो! मला वाटलं, इंग्रजीचा प्रश्न आयुष्यातून मिटला.

तो तिथेच सुरू झाला.

पहिली नोकरी लागली. सहा महिन्यांचं प्रोबेशन. एका जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये ग्राहकांचा डेटा हलवायचं काम माझ्याकडे आलं. मॅनेजरने सोमवारी विचारलं, “आर यू कम्फर्टेबल विथ फ्रायडे?” मी म्हणालो, “येस, नो प्रॉब्लेम. आय विल ट्राय माय बेस्ट.” बुधवारी मला कळून चुकलं की हे शुक्रवारी होत नाही. जुन्या डेटात एकाच ग्राहकाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी होत्या. रोज सकाळच्या स्टँड-अप मीटिंगमध्ये मॅनेजर विचारायचा, “हाऊज इट गोइंग?” आणि मी म्हणायचो, “गुड, गुड. वर्किंग ऑन इट.” रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसलो. शुक्रवारी दुपारी तीन वाजता सांगितलं की झालेलं नाही. क्लायंटने सोमवारसाठी माणसं बोलावून ठेवली होती.

मॅनेजर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं, त्याची आपल्याला सवय असते. तो एवढंच म्हणाला की उशीर झाला त्याचं काही नाही, उशीर सगळ्यांनाच होतो. पण तुला बुधवारी माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस, मग यापुढे तुझ्या ‘येस’वर मी विश्वास कसा ठेवू? माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. लग्नाला आठ महिने झाले होते, शिक्षणाचं कर्ज डोक्यावर होतं. त्या रविवारी बाबांचा फोन आला. “कसं चाललंय?” म्हणाले. मी म्हटलं, “मस्त!”

आता गंमत बघा. माझ्या इंग्रजीत व्याकरणाची एकही चूक नव्हती. आयईएलटीएसच्या परीक्षकाने त्या वाक्यांना पूर्ण गुण दिले असते. चूक भलतीकडेच होती, आणि ती कुठे होती हे समजायला मला दोन वर्षं लागली.

मंडळी, आपल्याला ‘नाही’ म्हणता येत नाही असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. मराठीत आपण इतकं सुंदर ‘नाही’ म्हणतो! “बघतो.” “कळवतो हं.” “प्रयत्न करतो.” “जमेलसं वाटत नाही, पण बघू.” गावी कोणी लग्नाला बोलावलं आणि आपण “प्रयत्न करतो” म्हणालो, की समोरचा ताट वाढून वाट बघत बसत नाही. त्याला कळतं. मी शुक्रवारच्या बाबतीत “आय विल ट्राय माय बेस्ट” म्हणालो तेव्हा माझ्या मनात तेच होतं: साहेब, कठीण आहे. पण माझ्या मॅनेजरच्या कानाने ते वचन म्हणून ऐकलं. शब्द इंग्रजी होते, अर्थ मराठी होता, आणि हा अर्थ काही विमानातून माझ्याबरोबर उतरला नव्हता.

हे उलट्या दिशेनेही होतं. एकदा टीम लीड माझ्या कोडकडे बघून म्हणाली, “यू माइट वाँट टू हॅव अ लुक ॲट दॅट.” मला वाटलं, बाई सुचवतायत, वेळ मिळाला तर बघू. तो हुकूम होता! इथे ‘इट्स अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम’ म्हणजे मोठाच प्रॉब्लेम असतो, आणि ‘व्हेन यू गेट अ चान्स’ म्हणजे बहुतेक वेळा आजच.

हळूहळू मला एक गोष्ट दिसली. मऊ बोलणं त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही आहे. फक्त जागा वेगळ्या आहेत. ते हुकूम मऊ करतात आणि अडचण सरळ सांगतात. आपण अडचण मऊ करतो आणि काम सरळ सांगतो. “सेंड मी द फाइल. प्लीज डू द नीडफुल.” आपल्या मते आपण ‘प्लीज’ लावलंय, म्हणजे नम्रच आहोत. त्यांना वाटतं, हा कोण साहेब लागून गेला! आणि तोच माणूस, प्रोजेक्ट बुडत असताना “गुड, गुड” म्हणतो. म्हणजे जिथे मऊपणा हवा तिथे आपण कडक, आणि जिथे स्पष्टपणा हवा तिथे आपण लोणी. माझं आजचं सगळं भाषण खरं तर एवढंच आहे.

हे माझं एकट्याचं डोकं नाही. जॉन गंपर्झ नावाचे एक भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात एक प्रसंग सांगितला आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या कर्मचारी कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढायला होत्या. त्या उद्धट आहेत, अशी तक्रार येऊ लागली. त्या बोलत किती होत्या? जवळपास एक शब्द! मांस घेतलेल्या माणसाला ग्रेव्ही हवी का, हे विचारायचं. इंग्रज बाई ‘ग्रेव्ही?’ म्हणताना शेवटी सूर चढवायची. आपल्या बायका ‘ग्रेव्ही.’ म्हणताना सूर उतरवायच्या. त्यांच्या दृष्टीने तो प्रश्नच होता, ती त्यांची विचारायची रीत. ऐकणाऱ्याला मात्र वाटायचं, ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घे.’

मग त्यांनी काय केलं? दोन्ही प्रकारचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि सगळ्यांना ऐकवलं. बायका आधी म्हणाल्या, यात फरक काय, दोन्हींचा अर्थ एकच आहे! समजावून सांगितल्यावर त्यांच्या लक्षात आलं की इतके दिवस लोक आपल्याकडे असे का बघतात. आणि तिथल्या सुपरवायझरनाही कळलं की हा उद्धटपणा नव्हता. ही दुसरी बाजू मला फार महत्त्वाची वाटते. शिकायचं फक्त वाढणारीनेच नव्हतं, ऐकणाऱ्यानेही होतं.

मग विद्यापीठं हे का शिकवत नाहीत, असं तुम्ही विचाराल. इथेही हा वाद जुना आहे. २००६ मध्ये मोनॅशचे समाजशास्त्रज्ञ बॉब बिरेल यांनी दाखवलं की इथे शिकून कायमचा व्हिसा मिळवलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना आयईएलटीएसचे सहा बँडही मिळाले नव्हते. मोठी खळबळ उडाली. त्यानंतर २००९ मध्ये विद्यापीठांसाठी इंग्रजीबाबतची मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. त्या अभ्यासात भारतीय विद्यार्थ्यांचे आकडे इतर अनेकांपेक्षा बरे होते. म्हणून आपण खूश झालो आणि तिथेच फसलो. कारण आपला प्रश्न बँडचा कमी आणि ‘येस’चा जास्त होता.

सरकारचा उपाय म्हणजे बँड वाढवणं. मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी साडेपाचाऐवजी सहा आणि शिक्षणानंतरच्या ४८५ व्हिसासाठी सहाऐवजी साडेसहा लागतात. ठीक आहे. पण आयईएलटीएसमध्ये असतं काय? एका तासात दोन लेखन, एक दीडशे शब्दांचं आणि एक अडीचशे शब्दांचं. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. त्यात कोणी तुम्हाला विचारत नाही की, “तुझ्या चुकीमुळे सर्व्हर बंद पडलाय, साहेबाला फोन करून सांग.”

याउलट डॉक्टर आणि नर्स मंडळींसाठी ओईटी म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट आहे. ती इथेच, ऑस्ट्रेलियात, १९८० च्या दशकात घडली. मेलबर्न विद्यापीठाचे टिम मॅक्नमारा यांचा त्यात मोठा वाटा होता. त्यात परीक्षक पेशंट होऊन बसतो, त्याला समजावून सांगावं लागतं. केस वाचून दुसऱ्या डॉक्टरला पत्र लिहावं लागतं. म्हणजे भाषेने काम करून दाखवावं लागतं. आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना असं काही नाही. पदवीनंतर प्रोफेशनल इयर नावाचा सुमारे ४४ आठवड्यांचा कोर्स आहे, त्यात १२ आठवड्यांची इंटर्नशिप असते. पण बरीच मुलं तो मायग्रेशनच्या पॉइंटांसाठी करतात आणि तसाच संपवतात. मी त्यांना दोष देत नाही. आणि १९४८ पासून सरकार नव्याने आलेल्या स्थलांतरितांना इंग्रजी शिकवतं, पण ती सोय विद्यार्थी व्हिसावाल्यांसाठी नाही.

मला सगळ्यात आवडलेलं काम आपल्या शेजारी झालं आहे. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट होम्स यांनी १९९६ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. ऑफिसांत आणि कारखान्यांत काम करणाऱ्या लोकांनी आपणहून रेकॉर्डर जवळ बाळगले आणि रोजचं बोलणं रेकॉर्ड केलं. कोण कसं नकार देतं, कसं काम सांगतं, विनोद केव्हा करतं, लिफ्टमध्ये काय बोलतं. मग त्या खऱ्या संभाषणांवरून शिकलेल्या स्थलांतरितांसाठी १२ आठवड्यांचा वर्ग तयार झाला, आणि त्यातला काही काळ प्रत्यक्ष ऑफिसात. पुस्तकातलं ‘मे आय कम इन सर’ नाही, खरं बोलणं.

हे वाचलं आणि मला वाटलं, एवढं मोठं नाही, पण छोटं काहीतरी आपण आपल्या मंडळात करू शकतो. गेली तीन वर्षं शनिवारी दुपारी आम्ही पाच-सहा जण बसतो. जागा कोणाचीही, चहा माझा. तिथे काय करतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला घरीही करता येईल.

पहिला प्रकार म्हणजे वाईट बातमी. प्रत्येकाला एक अडचण द्यायची आणि ती तीन वाक्यांत सांगायला लावायची: काय झालंय, त्याने काय अडणार आहे, आणि पुढे कोणते पर्याय आहेत. माझ्या त्या शुक्रवारचं उत्तर आता मला पाठ आहे. “वी आर रनिंग बिहाइंड. द कस्टमर डेटा हॅज डुप्लिकेट्स. आय कॅन गिव्ह यू हाफ बाय फ्रायडे, ऑर ऑल ऑफ इट बाय ट्यूझडे. विच वुड यू प्रिफर?” यात ‘सॉरी’ एकदाही नाही, ‘नो’ही नाही. पण नकार आहे, आणि निर्णय साहेबाच्या हातात आहे. हे बुधवारी म्हणायला मला वीस सेकंद लागली असती!

दुसरा प्रकार शब्दांचा. आपले काही शब्द भारतात चोख चालतात, इथे त्यांचं नाणं वेगळं निघतं. शंका विचारायची म्हणून आपण म्हणतो, “आय हॅव अ डाउट.” इथे डाउट म्हणजे अविश्वास. एका सीनियर माणसाला मी म्हणालो होतो, “आय हॅव अ डाउट अबाउट युवर डिझाइन.” बिचारा अर्धा तास स्वतःच्या डिझाइनचं समर्थन करत होता. मला फक्त एक प्रश्न विचारायचा होता! “कॅन आय चेक समथिंग?” एवढं पुरलं असतं.

तिसरा, ईमेल. जुनी ईमेल घ्यायची, नावं खोडायची आणि पुन्हा लिहायची. काम सांगायचं असेल तर प्रश्न करून सांगा, “कुड यू सेंड मी?” आणि अडचण असेल तर ती पहिल्या ओळीत आणा. आपण आधी दोन परिच्छेद प्रस्तावना करतो आणि अडचण तळाशी, वरणातल्या हिंगासारखी.

चौथा, रेकॉर्डिंग. फोनवर आपलंच बोलणं रेकॉर्ड करून ऐकायचं. सुरुवातीला सगळे लाजतात. पण विमानतळावरच्या त्या बायकांसारखं, ऐकल्याशिवाय फरक कळत नाही. एक मात्र सांगतो: उच्चार बदलायच्या मागे लागू नका. ‘मेट, मेट’ करत ऑस्ट्रेलियन व्हायला जाऊ नका. आपला ‘व’ आणि आपला ‘ट’ आपला राहू दे. सावकाश बोला, तेवढं पुरतं.

आता हे सगळं करून उपयोग होतो का? एक उदाहरण सांगतो. आमच्या शनिवारी येणारी एक मुलगी, नाशिककडची. वडिलांनी जमिनीवर कर्ज काढून पाठवलेलं. तिला इंटर्नशिप लागली. एका मंगळवारी रात्री साडेदहाला तिचा फोन आला, रडत होती. “दादा, मी आठवड्यापूर्वी दिलेल्या रिपोर्टमध्ये माझाच फॉर्म्युला चुकलाय. कोणाच्या लक्षात आलेलं नाही. गुपचूप दुरुस्त करू का?”

मी क्षणभर गप्प बसलो. खरं सांगतो, तिच्या जागी मी असतो तर दहा वर्षांपूर्वी गुपचूप दुरुस्त केलं असतं. आम्ही फोनवरच तीन वाक्यं तयार केली. तिने ती पाच-सहा वेळा म्हणून दाखवली. पहिल्या वेळी “आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी सर, प्लीज एक्सक्यूज मी” अशी सुरुवात होती, ती काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, “गुड पिक-अप. थँक्स फॉर टेलिंग मी अर्ली.” आणि कॉफी आणायला निघून गेला! तिने मला मेसेज केला, “दादा, एवढंच?”

हो. बहुतेक वेळा एवढंच असतं. पण नेहमी नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. आमच्याच एका मुलाने अडचण वेळेवर सांगितली, नीट सांगितली, तरी त्याची इंटर्नशिप पुढे नोकरीत बदलली नाही. सगळ्या गोष्टी भाषेच्या हातात नसतात. पण जाताना त्याच्या टीम लीडने आपणहून त्याचा रेफरन्स दिला आणि दुसरीकडे काम मिळायला त्याचा उपयोग झाला.

मागे बसलेल्या मंडळींना आता दोन शब्द. ही मुलं ‘येस’ का म्हणतात? इंग्रजी कच्चं म्हणून नाही. भीती असते. कर्जाचा हप्ता, व्हिसाची तारीख, गावी सगळ्यांना सांगून झालेलं. जो माणूस आईवडिलांना “मस्त” सांगतो तोच साहेबालाही “गुड, गुड” सांगतो. म्हणून मी त्यांना म्हणतो, सराव घरापासून करा. रविवारच्या फोनवर एक तरी खरी अडचण मराठीत सांगा. मी स्वतः त्या प्रोबेशनबद्दल बाबांना दोन वर्षांनी सांगितलं. ते म्हणाले, “अरे, मग तेव्हाच बोलायचंस ना.” म्हणजे मॅनेजर जे म्हणाला तेच!

आणि हे जन्मजात कोणालाच येत नाही. आपल्या इथे वाढलेल्या मुलांकडे बघा. माझी मुलगी सहा वर्षांची. आजी इथे आली होती, प्रेमाने पोळी वाढायला गेली. लेक ताडकन म्हणाली, “मला नको आहे.” आजीचा चेहरा पडला. लेक उद्धट नव्हती, ‘नो, थँक यू’चं मराठी तिच्या परीने बोलली होती. “पोट भरलं आजी, छान झालीय पोळी” असं म्हणायचं असतं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. आम्ही शिकवलं, दोन दिवसांत आलं. आजी वाढताना सूर खाली आणून म्हणते ते ‘घे’ म्हणजे आग्रह असतो, हेही तिला सांगितलं. ज्या कारणाने ती आजीपुढे अडली, त्याच कारणाने मी मॅनेजरपुढे अडलो होतो.

आज महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसुद्धा मराठीतून शिकता येतं. २०२१ मध्ये एआयसीटीईने परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून सुरू झालं. त्यातली काही मुलं उद्या इथेही येतील. त्यांनी मराठीत विचार केला म्हणून ती मागे पडणार नाहीत. पण इथे कोणता मऊपणा कुठे वापरतात, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. विद्यापीठाने सांगितलं तर उत्तम. तोवर आपण आहोत.

म्हणून माझी विनंती. इथे दहा-वीस वर्षं नोकरी केलेली तुम्ही सगळी मंडळी आहात. कोणी बँकेत, कोणी हॉस्पिटलात, कोणी रेल्वेत. महिन्यातून एक शनिवार, दोन तास द्या. मुलांसमोर खोटा मॅनेजर होऊन बसा, कडक प्रश्न विचारा. तुमच्या चुका सांगा, यशापेक्षा त्या जास्त उपयोगी पडतात. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे, त्यात नाव आणि फोन लिहा. आणि जमणार नसेल तर कृपा करून “बघतो, प्रयत्न करतो” असं लिहू नका. मला आता त्याचा अर्थ कळतो!

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही पण नाव लिहा. घाबरू नका. चहा माझाच आहे.

सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा. चला, वडे गार होतायत.